जुनी फटफटी, एचआयव्ही आणि नाशिकचा हायवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये जुन्या मोटारसायकली जपणारे आम्ही काही जण आहोत. कुणाकडे बुलेट, कुणाकडे येझदी, कुणाकडे वडिलांची राजदूत. या गाड्या घेऊन आम्ही मुंबई-आग्रा महामार्गावरचे ढाबे, आडगावचं ट्रक टर्मिनस, पिंपळगाव-लासलगावच्या बाजार समित्या आणि आठवडी बाजार इथे एचआयव्हीबद्दल बोलायला जातो. खालचे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि रस्त्याच्या कडेला पुन्हा पुन्हा येतात. आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे इथे सगळ्यांना लागू पडेल एवढंच लिहिलं आहे. स्वतःच्या बाबतीतला निर्णय समुपदेशकाशी आणि डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. मोटारसायकल आणि एड्स यांचा संबंध काय? नुसती हौस भागवायला तर काढलेलं नाही ना?

हौस आहेच, ती लपवत नाही. पण संबंधही खरा आहे. एड्सच्या फलकापाशी थांबलेल्या माणसाकडे चार जण बघतात. जुन्या बुलेटपाशी थांबलेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आमचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. माणूस येतो, टाकीवर हात फिरवतो, "कोणतं मॉडेल?" विचारतो, "आमच्या काकांकडे होती" म्हणतो. मग बाकीचे पांगले की हळूच म्हणतो, "एक विचारू का?" तो एक प्रश्न त्याने महिनोन्महिने कुणालाच विचारलेला नसतो.

जगात हा संबंध याहून मोठ्या प्रमाणावर जुळला आहे. रँडी मामोला हा अमेरिकन ग्रां प्री रेसर ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत चार वेळा उपविजेता होता. बॅरी आणि अँड्रिया कोलमन या दांपत्यासोबत त्याने 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभी केली. आफ्रिकेत मदत म्हणून आलेल्या गाड्या साध्या देखभालीअभावी गंजून पडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. चेन, ऑइल, एअर फिल्टर वेळेवर बघणारं कुणी नव्हतं, म्हणून आरोग्यसेवक गावांपर्यंत पोचत नव्हते. पुढे लेसोथोसारख्या डोंगराळ देशात, जिथे एचआयव्हीचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, त्यांचे मोटारसायकलस्वार दुर्गम दवाखान्यांतून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेऊ लागले आणि अहवाल घेऊन परतू लागले. अहवाल लवकर आला की उपचार लवकर सुरू होतात. मोटारसायकलने याहून मोलाचं काम केल्याचं मला तरी माहीत नाही.

२. एचआयव्ही आणि एड्स एकच ना?

नाही. एचआयव्ही हा विषाणू. तो शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशींवर हल्ला करतो. उपचार न घेता वर्षं गेली, या पेशी फार कमी झाल्या आणि क्षयासारखे आजार अंगावर आले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेत औषध सुरू केलेल्या माणसाला एड्सची अवस्था कधी येऊही नये.

३. आता औषधं निघाली आहेत, मग अजून जनजागृती कशाला?

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून पहिली लागण उघड झाली. तेव्हा हातात काहीच नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधं द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

औषध आहे, पण ते घ्यायला आधी चाचणी करावी लागते आणि चाचणीला जायला भीती आड येते. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. यांतल्या ज्यांना स्वतःला माहीत नाही, त्यांच्यापर्यंत गोळी पोचत नाही. शिवाय लोकांच्या डोक्यातलं चित्र जुनंच आहे. नव्वदच्या दशकात भिंतींवर कवटी आणि हाडं रंगवून भीती घातली गेली. ती पोस्टरं गेली, भीती राहिली. निदान झालेल्या माणसाला घरात वेगळं ताट दिलं जातं, हे आजही ऐकायला मिळतं.

४. नेमका कशाने होतो? एकमेकांचं हेल्मेट घातलं तर?

निरोध न वापरता ठेवलेल्या लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, एकच सुई अनेकांनी वापरल्याने, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा स्तनपानातून. एवढेच मार्ग. आईने औषध घेतलं आणि बाळालाही दिलं, तर बाळाची लागण बहुतेक वेळा टळते.

हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, घाम, एका ताटात जेवण, एका ग्लासातला चहा, डास, खोकला, हस्तांदोलन, ढाब्याचा संडास यांतल्या कशानेही होत नाही. हेल्मेट दुसऱ्याचं असेल तर ते आपल्या डोक्याला नीट बसतं का, एवढं बघा.

५. माझ्याकडे जुनी गाडी नाही. तरी येऊ का?

या. स्प्लेंडर चालेल, ॲक्टिव्हा चालेल. सुंदरबनचा सोमेन देबनाथ २००४ मध्ये साध्या सायकलवर एड्स जनजागृतीसाठी घरातून निघाला आणि १९१ देशांचं लक्ष्य ठेवून वर्षानुवर्षं जग फिरत राहिला. वाटेत अफगाणिस्तानात त्याला बंदी करून ठेवलं होतं, सुटल्यावर तो पुढे निघाला. त्याच्याकडे तर इंजिनही नव्हतं.

६. कोणत्या गाड्यांना तुम्ही वारसा मानता?

ज्या गाडीशी इथल्या लोकांची आठवण जोडलेली आहे ती. मोठेपणा किमतीवर ठरत नाही.

बुलेट अर्थातच. लष्कराच्या मागणीमुळे ती भारतात आली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन होऊन इथेच बनू लागली. जुनी कास्ट आयर्न बुलेट, गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. अँपिअर मीटरचा काटा बघायचा, डिकम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी कळ) दाबून पिस्टन जागेवर आणायचा आणि मगच किक मारायची. घाई केली तर किक उलटून नडगीवर बसते. डिझेल बुलेट हे तर खास शेतकऱ्याचं वाहन होतं. वेग नाही, पण डिझेल स्वस्त आणि मायलेज भरपूर. निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये ती अजून सापडते.

जावाचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून ती इथे बनवली, १९७३ पासून येझदी नावाने, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. किकचा आणि गियरचा दांडा एकच, सायलेन्सर दोन, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ओळखू यावा. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ पोलिश आराखड्यावर बेतलेली. तिच्यावर दुधाचे कॅन लादून कित्येक घरांचे संसार चालले. १९८५ ची यामाहा आरएक्स १०० आमच्या पिढीच्या कॉलेज रोडची गाडी. आणि १९७२ पासूनची लुना मी यादीत आवर्जून घेतो. शिक्षिका, नर्स, टपालाचे एजंट यांना तिने स्वतःच्या पायावर उभं केलं. लुना घेऊन कुणी आलं की बायका थांबून बोलतात. बुलेटपाशी सहसा पुरुषच थांबतात, त्यामुळे बायकांचे प्रश्न आमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

नाशिकला या गाड्या टिकल्या त्यामागे इथले कारागीरही आहेत. सातपूरला मायकोचा कारखाना, ओझरला विमानं बनवणारी एचएएल, त्यामुळे शहरात फिटर-टर्नरची पिढी तयार झाली. बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवर अजून बनवून मिळतो.

७. आजोबांची गाडी ५० वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करावी का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

मात्र अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून जी गाडी घेऊन आम्ही एरवीही बाजारात, ढाब्यावर जातो, तिचं साधं पाच वर्षांचं नूतनीकरण आम्हाला सोयीचं वाटतं. कागद हरवले असतील तर एजंटला पैसे देण्याआधी स्वतः आरटीओत जाऊन विचारा.

८. ई२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

काळजी घ्यावी लागते. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो आणि जुने रबरी पाइप, वॉशर, कार्बोरेटरची सील फुगतात किंवा चिरतात. पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे टाकून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. टू-स्ट्रोकला ऑइलचं मिश्रण अंदाजाने करू नका, मोजून करा.

९. कसारा घाटात, हायवेवर जुनी गाडी न्यायची का?

न्या, पण उजेडात. सहा व्होल्टचा दिवा रात्री ट्रकवाल्याला दिसत नाही आणि ड्रम ब्रेक आजच्या गाडीसारखे पकडत नाहीत. डावी लेन, मोठं अंतर, आयएसआय हेल्मेट मागच्यालासुद्धा. पावसाळ्यात घाटातल्या फेऱ्या आम्ही काढत नाही.

१०. सायलेन्सर काढून आलो तर गर्दी जास्त जमेल ना?

नको. ते बेकायदा आहे, आणि आपल्याला दवाखान्याच्या दारात थांबायचं असतं.

११. १ डिसेंबरला फेरी काढायला कुणाची परवानगी लागते?

१९८८ पासून १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर ग्रामीण पोलीस. मार्ग, वेळ, गाड्यांचा अंदाज आणि जबाबदार व्यक्तीचं नाव अर्जात द्या. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. पण त्याआधी जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाशी बोला. त्यांना सगळे डापकू म्हणतात. मराठी पत्रकं आणि समुपदेशकाची साथ तिथून मिळू शकते. फेरी जिथे संपते तिथे समुपदेशक हजर असेल, तर ती फेरी सार्थकी लागते. नुसती घोषणा देऊन घरी गेलेल्या फेऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांनी चौक अडतो, माणूस चाचणीला जात नाही.

१२. ट्रक ड्रायव्हरांशी बोलायचं कसं? ते चिडत नाहीत?

"तुमच्यामुळे पसरतो" अशा सुरात बोललात तर चिडतील, आणि योग्यच चिडतील. ड्रायव्हर हा आजार घेऊन फिरणारा माणूस नाही. तो महिना महिना घराबाहेर, झोप नाही, घरचं जेवण नाही, आणि बरं नसलं तरी गाडी सोडून दवाखान्यात जायची सोय नाही अशा कामातला माणूस आहे. एचआयव्ही कार्यक्रमाने ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी वेगळं काम आखलं ते याच कारणाने.

वेळ नीट निवडा. कांद्याच्या लोडिंगला नंबर लावून ड्रायव्हर तासन्‌तास बसलेला असतो. तेव्हा त्याला सोबत हवी असते. गाडी चालू करायच्या घाईत असेल तेव्हा पत्रक हातात कोंबू नका. 'उस्ताद' म्हणा, 'भाऊ' म्हणा, आधी त्याच्या गाडीबद्दल विचारा. क्लीनर पोरगा बाजूला असेल तर त्याच्याशीही बोला. त्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं. निरोध कसा वापरायचा हे न लाजता, न हसता सांगा. आपण हसलो की समोरचा प्रश्न गिळून टाकतो.

द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या मजुरांशी बोलताना मात्र गाडीपेक्षा ओळखीची व्यक्ती उपयोगी पडते. तिथे आशाताईंना पुढे ठेवा, तुम्ही मागे राहा.

१३. चाचणी कुठे होते? घरी कळेल का?

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात आणि निकालही समोर बसवून सांगतात. तो गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. जायची हिंमत होत नसेल तर आधी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.

१४. दोन दिवसांपूर्वी चूक झाली. आज टेस्ट निगेटिव्ह आली तर सुटलो ना?

नाही. लागण झाल्यानंतर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. आजची चाचणी जुन्या धोक्याबद्दल सांगते, परवाच्या नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर निरोध वापरा.

त्याहून तातडीची गोष्ट अशी की धोका टाळणारं औषध असतं. त्याला पेप म्हणतात. ते ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. तुमच्या बाबतीत ते द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. हे वाचत बसू नका, आधी रुग्णालयात जा.

१५. रक्तदान केलं की एचआयव्ही तपासतातच. मग तेच करू का?

कृपया करू नका. दान केलेली प्रत्येक पिशवी तपासली जाते हे खरं. पण अगदी ताजी लागण प्रश्न १४ मधल्या कारणामुळे निसटू शकते आणि ती पिशवी एखाद्या बाळंतिणीला चढू शकते. शंका असेल तर आयसीटीसी. शंका नसेल तर खुशाल रक्तदान करा. रक्त देण्याने एचआयव्ही होत नाही, सुई नवीच असते.

१६. रस्त्यात अपघातग्रस्ताला उचलताना हाताला रक्त लागलं. आता?

कातडी धड असेल तर साबण-पाण्याने धुवा, धोका नाही. डोळ्यात उडालं किंवा स्वतःच्या ताज्या जखमेवर लागलं तर भरपूर पाण्याने धुवा, जखम पिळू नका, ॲसिड-डेटॉल ओतू नका आणि रुग्णालयात पेपबद्दल विचारा (प्रश्न १४). टूलकिटमध्ये रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात, पान्याइतक्याच त्या गरजेच्या आहेत. पण रक्ताच्या भीतीने कुणाला रस्त्यावर सोडून जाऊ नका.

१७. टॅटू काढला तर?

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली आणि शाईची वाटीही नवी असली तर काळजी नाही. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेऊ नका.

१८. एचआयव्ही असलेला माणूस लांबच्या राइडला येऊ शकतो का?

येऊ शकतो. लायसन्सला एचआयव्ही आड येत नाही. नियमित औषध घेणाऱ्याची तब्येत तुमच्या-माझ्यासारखीच असते. रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबून राहिला तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. लग्न, मुलंबाळं सगळं होतं. लग्नाआधी जोडीदाराला सांगायला हवं आणि ते कसं सांगायचं यात समुपदेशक मदत करतात. आमच्यासोबत कोण कोण पॉझिटिव्ह आहे, असं कधी कधी विचारलं जातं. त्याचं उत्तर आम्ही देत नाही.

१९. शिबिराचे फोटो सोशल मीडियावर टाकू का?

गाड्यांचे टाका. चाचणीच्या रांगेचे, समुपदेशकासमोर बसलेल्यांचे, अहवालाचे कधीच नाही, चेहरा पुसूनसुद्धा नाही. गावात माणूस शर्टावरून ओळखला जातो. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं त्यात निषिद्ध आहे.

२०. आमच्या ट्रान्सपोर्ट मालकांना सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी करून घ्यायची आहे. चांगलंच आहे ना?

हेतू चांगला असला तरी सक्ती बेकायदा आहे. याच कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, नोकरीसाठी तिची अट घालता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. मालकांनी आवारात समुपदेशकाला बोलवावं, ड्रायव्हरांना दोन तास सवड द्यावी आणि निकाल विचारू नये. यात ड्रायव्हर स्वतःहून पुढे येतात.

२१. ढाब्यावर कुणी मला बाजूला घेऊन "मला आहे" म्हणाला, तर काय करू?

गाडी बंद करा आणि ऐका. "कसं काय झालं?" हे विचारू नका. तो प्रश्न चौकशीसाठी असतो, मदतीसाठी नाही. औषध चालू आहे का, एवढं विचारा. चालू असेल तर ते सोडू नका म्हणा. बंद पडलं असेल तर रागावू नका. बहुतेकांचं औषध आळसाने बंद पडत नाही. पाळी लांब रूटची लागली, केंद्रात ओळखीचं कुणी दिसलं, घरात गोळ्या ठेवायला जागा नव्हती, अशी कारणं असतात. पुन्हा सुरू करता येतं, तेही मोफत, हे सांगा. तुमचा नंबर द्या, त्याचा मागू नका. आणि ही गोष्ट आपल्या गटातही बोलू नका, नाव न घेतासुद्धा.

२२. मी स्वतः गोळ्या घेतो. आठ दिवसांच्या दौऱ्यावर गोळ्या संपल्या किंवा भिजल्या तर?

दौऱ्याचे दिवस धरून थोड्या जास्तच गोळ्या मिळतील का, हे निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात विचारा. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, काही अंगावरच्या खिशात, काही सामानात. उन्हात तापणाऱ्या टँक बॅगेत किंवा सायलेन्सरजवळच्या डबीत ठेवू नका. एआरटीचं (उपचारांची नोंद असलेलं) पुस्तक, निदान त्याचा फोटो, जवळ असू द्या. तरीही संपल्या तर आपल्या केंद्रातल्या समुपदेशकाला फोन करा आणि वाटेतल्या सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात पुस्तक दाखवा. एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका.